हाफकिनची लस आणि पेशीतली कळ

वाशीमच्या एखाद्या घरी बाळाला लस टोचून आणली, की रात्री त्याचे अंग तापते आणि आजीच्या जिवाला घोर लागतो. असाच ताप मुंबईत एका परदेशी माणसाने आपणहून ओढवून घेतला होता. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन.

१८६० मध्ये ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून घडले. पटकीवरील लस घेऊन १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते कामाला लागले. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब सोडायचे, त्या आधाराने प्लेगचे जंतू वाढवायचे आणि उष्णतेने मारायचे, ही त्यांची रीत. १० जानेवारी १८९७ रोजी ती लस त्यांनी आधी स्वतःला टोचली. सणकून ताप भरला, पण ते सुखरूप राहिले.

मेलेल्या जंतूंपासून शरीर नेमके काय शिकते, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. आज ते उलगडले आहे. जंतूचा अंश रक्तातील बी पेशीला बाहेरून चिकटला, की आतले लिन हे विकर शेजारच्या प्रथिनांना फॉस्फेट जोडते. त्याने सिक जागे होते, पुढे बीटीके. निरोप केंद्रकापर्यंत जातो, पेशी वाढतात आणि प्रतिपिंडे तयार होतात. दुसरी विकरे फॉस्फेट काढून घेतात आणि कळ बंद होते. ज्या मुलांत बीटीके जन्मतः सदोष असते, त्यांच्यात बी पेशी जवळजवळ तयारच होत नाहीत. साधे जंतूही त्यांना पुन्हापुन्हा छळतात.

हाफकिन प्लेगमधून वाचले, पण आरोपातून नाही. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतली लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन निलंबित झाले. बाटली गावात उघडतानाच दूषित झाली असावी, हे रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे मांडले. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. पण तोवर उमेदीची पाच वर्षे हातची गेली होती.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे ते वारले. बाळाचा ताप सकाळी उतरतो, आजी निश्चिंत होते. बाळाच्या रक्तातल्या बी पेशींचे काम मात्र तेव्हा कुठे सुरू झालेले असते.