कमावलेले शरीर

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक म्हटले की भरदार छातीचा, करारी मुद्रेचा, डोईवर पुणेरी पगडी आणि खांद्यावर उपरणे घेतलेला पुरुष डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु ज्यांनी टिळकांना केवळ त्यांच्या सोळाव्या वर्षी पाहिले होते, त्यांना हे चित्र कोणाचे आहे हे ओळखणे कठीण गेले असते. त्या वयात टिळक अंगाने अगदी किरकोळ होते. त्यांचे ते बलदंड शरीर जन्मतः लाभलेले नव्हते. ते त्यांनी कष्टाने कमावले होते.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक व संस्कृतचे जाणकार होते. १८६६ मध्ये त्यांची बदली झाली आणि सारे कुटुंब पुण्यास आले. त्यानंतर थोड्याच काळात मातोश्री पार्वतीबाई वारल्या. १८७१ मध्ये बाळचा विवाह सत्यभामाबाईंशी झाला आणि १८७२ मध्ये वडिलांचेही छत्र हरपले. त्याच वर्षी मॅट्रिकची परीक्षा देऊन टिळकांनी पुढे डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला. बुद्धी तीव्र, गणित व संस्कृत या विषयांत विलक्षण गती; परंतु शरीर मात्र त्या बुद्धीला साजेसे नव्हते. सत्यभामाबाईंची प्रकृती त्यांच्याहून अधिक सुदृढ असल्याने मित्र या जोडप्याची थट्टा करीत, असे सांगतात.

थट्टेने खट्टू होऊन बसणे हा टिळकांचा स्वभाव नव्हता. दुर्बळ शरीराच्या बळावर मोठी कामे पार पडत नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि कॉलेजचे पहिले वर्ष शरीर कमावण्यासाठी द्यावयाचे असा निश्चय केला. एकदा निश्चय झाला की त्यात खंड पडू द्यावयाचा नाही, ही त्यांची वृत्ती तेव्हापासूनच दिसून येते. रोज सकाळी ते तालमीत जात, व्यायाम करीत व कुस्ती खेळत. डेक्कन कॉलेज नदीच्या काठीच असल्याने पोहणे आणि नाव वल्हवणे हेही त्यांच्या नित्यक्रमात आले. व्यायामाने भूक वाढली आणि त्या भुकेला ते सकस अन्नाची जोड देऊ लागले. रात्री अभ्यासाऐवजी मित्रांच्या खोल्यांत गप्पा रंगत. पुस्तके मात्र बहुधा मिटलेलीच राहत.

अशा उद्योगाने शरीर कसे वाढते, हे समजून घेण्यासारखे आहे. सवयीपेक्षा थोडे अधिक श्रम घडले की स्नायूंच्या तंतूंवर ताण पडतो. पुढे विश्रांतीच्या वेळी, विशेषतः झोपेत, शरीर ते तंतू पूर्वीपेक्षा जाड व बळकट करते. या बांधकामास लागणारे साहित्य अन्नातूनच मिळते. डाळी, कडधान्ये, दूध व दही यांतील प्रथिने स्नायू घडवितात. भात व भाकरी श्रमाला बळ पुरवितात. शरीर जेवढे खर्च करते त्याहून थोडे अधिक अन्न पोटात गेले, तरच वजन वाढते. काही माणसांचा बांधा उपजतच सडपातळ असतो. त्यांचे वजन सावकाश वाढते आणि त्यांना धीर अधिक धरावा लागतो. नुसता व्यायाम करून उपाशी राहिले तर शरीर झिजते. नुसते खाऊन बसून राहिले तर चरबी वाढते. व्यायाम, आहार आणि विश्रांती ही तिन्ही एकत्र आली आणि त्यांत नियमितपणा असला, म्हणजेच अंग भरते.

टिळकांच्या बाबतीत तसेच घडले. वर्ष संपता संपता त्यांची छाती भरली, दंड पिळदार झाले आणि पूर्वीचा अशक्त तरुण मित्रांत बलवान म्हणून ओळखला जाऊ लागला. परंतु या कमाईची किंमतही द्यावी लागली. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. ज्याच्या बुद्धीचे सर्वजण कौतुक करीत, त्याला हा धक्का लहान नव्हता. तथापि टिळकांनी त्याचे दुःख केले नाही. शरीर तयार झाले होते. आता त्यांनी तोच निर्धार अभ्यासाकडे वळविला. पुढे ते बी. ए.च्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १८७९ मध्ये त्यांनी कायद्याची पदवीही मिळविली.

त्या वर्षीची पुंजी त्यांना जन्मभर पुरली. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून टिळक पुन्हा तुरुंगात गेले. तेथील निकृष्ट अन्नाने त्यांचे वजन फार घटले; परंतु सुटका झाल्यावर त्यांनी प्रकृती सावरली व कार्य पुढे चालू ठेवले. १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस पाठविण्यात आले. तेव्हा त्यांचे वय बावन्न वर्षांचे होते आणि मधुमेहाने त्यांना ग्रासले होते. लाकडी कोठडी, उन्हाळ्याचा दाह आणि घरापासूनची ताटातूट हे सारे त्यांनी सोसले. १९१२ मध्ये सत्यभामाबाई निवर्तल्याची वार्ताही त्यांना तेथेच कळली. आहारावर कडक निर्बंध ठेवून त्यांनी प्रकृती सांभाळली आणि त्याच कोठडीत ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ लिहिला. १९१४ मध्ये ते पुण्यास परतले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत देहावसान होईपर्यंत देशकार्यात मग्न राहिले.

टिळकांप्रमाणे प्रत्येकाने परीक्षेचे वर्ष गमवावे असे मुळीच नाही. रोजचा थोडा वेळ नियमाने व्यायामास दिला, तर अभ्यास आणि शरीर या दोहोंचे संवर्धन करता येते. परंतु किरकोळ अंगकाठी हे आपले नशीब आहे असे मानून स्वस्थ बसू नये, हे त्यांच्या चरित्रातून शिकण्यासारखे आहे. विद्या जशी एका दिवसात येत नाही, तसे बळही येत नाही. दोन्ही रोज थोडी थोडी साठवावी लागतात आणि साठविलेली ही संपत्ती कठीण प्रसंगी माणसाला सावरून धरते.