अभ्यासक बाबासाहेब : दुष्काळी तलावापासून नागसेनवनापर्यंत

1901 सालचा उन्हाळा. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, गोरेगाव येथे, दुष्काळाने पोळलेल्या लोकांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते. त्या कामावर सुभेदार रामजी सकपाळ रोखपाल होते. सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे असे त्यांनी कळविले. दहा वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणीच आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तरांचा सूर पालटला. गाडीवाल्यांपैकी कोणी त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही मुलांनी गाडी स्वतः हाकावी आणि आपण बाजूने पायी चालावे या अटीवर. शिदोरी भरपूर होती, पाणी मात्र कुठेच मिळाले नाही. टोलनाक्यावरच्या माणसाला आपण मुसलमान आहोत असे सांगूनही त्याने दिले नाही. ती रात्र मुलांनी उपाशी आणि तहानलेली काढली.

हा प्रसंग आपल्यातील प्रत्येकाने ऐकलेला आहे. परंतु तो सांगताना त्यातील तलाव बहुधा वगळला जातो. माणसांना पाणी आणि अन्न मिळावे म्हणून जेथे सरकारी तलाव खोदला जात होता, त्याच वाटेवर त्या कामाचा हिशेब ठेवणाऱ्याची मुले घोटभर पाण्यासाठी तळमळत होती. दुष्काळ, मजुरी, पाणी आणि जात या चार गोष्टी त्या एका बैलगाडीच्या प्रवासात एकत्र आल्या. पुढे पंचावन्न वर्षे बाबासाहेबांनी जो अभ्यास केला, तो याच चार गोष्टींचा होता. आपल्या स्मरणिकांतून घटनाकार बाबासाहेब, महाडचे बाबासाहेब, दीक्षाभूमीवरचे बाबासाहेब यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. या लेखात मात्र अभ्यासक बाबासाहेबांविषयी लिहावयाचे आहे.

त्यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबवडे. 1907 साली ते मॅट्रिक झाले आणि 1912 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. 1913 च्या फेब्रुवारीत वडील गेले आणि त्याच वर्षी महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तेथे अर्थशास्त्राचे सेलिग्मन आणि तत्त्वज्ञानाचे जॉन ड्युई हे त्यांचे गुरू होते. 1915 साली ते एम. ए. झाले. 1916 च्या मे महिन्यात त्यांनी मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मूळ त्यांनी वंशात किंवा दैवी आज्ञेत शोधले नाही. जातीबाहेर विवाहास मनाई करून बंदिस्त केलेला वर्ग अशी त्यांची जातीची मांडणी होती. स्वतःच्या छातीवरील जखमेची तपासणी परक्या डॉक्टराच्या अलिप्ततेने करावी असा तो निबंध आहे. वय अवघे पंचवीस.

लंडनमधला अभ्यास शिष्यवृत्ती संपल्यामुळे अर्धवट टाकून 1917 साली ते परतले. बडोद्याच्या नोकरीत शिपाई दुरून कागद फेकत, राहावयास जागा मिळेना, आणि एका पारशी विश्रामगृहातून त्यांना अपमानित होऊन बाहेर पडावे लागले. मुंबईस परतल्यावर हाताशी नोकरी नव्हती आणि घरी खाणारी तोंडे होती. अशा दिवसांत, 1918 साली, त्यांचा एक निबंध भारतीय अर्थशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय होता हिंदुस्थानातील शेतीचे लहान तुकडे आणि त्यावरील उपाय. माझ्या मते त्यांच्या सर्व लेखनात हा निबंध सर्वांत कमी वाचला गेला आहे, आणि आजच्या शेतकरी पालकांच्या सर्वांत जवळचा तोच आहे.

त्या काळी हा प्रश्न सगळीकडे चर्चिला जात होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची शेतवार पाहणी करून 1917 साली ती प्रसिद्ध केली होती. 1771 साली तेथे सरासरी धारण चाळीस एकर होती, ती 1914-15 पर्यंत सात एकरांवर आली होती. (आज त्या गावात शेत शोधूनही सापडणार नाही. तेथे बहुमजली इमारती उभ्या आहेत.) तज्ज्ञांचे म्हणणे असे की तुकडे एकत्र करावेत, वाटण्यांवर कायद्याने बंधन घालावे, म्हणजे शेती सुधारेल.

बाबासाहेबांनी या उपायामागचा प्रश्नच तपासला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, असे त्यांनी दाखविले. त्या जमिनीवर किती भांडवल, किती अवजारे, किती बैल आणि किती माणसे लावली जातात, यांच्या प्रमाणावर ते ठरते. ज्याच्यापाशी बैलजोडी नाही त्याला दहा एकरही जास्तच होतात. आपल्याकडे जमीन कमी आहे हा मूळ रोग नव्हे. जमिनीवर जगणारी माणसे फार आहेत, त्यांना दुसरे काम नाही, आणि रिकामे हात खातात तर खरे पण उत्पादनात भर घालीत नाहीत, हा रोग आहे. वाटण्या होतात त्या कायद्यामुळे नव्हेत, त्या पोटासाठी होतात. म्हणून यावरचा उपाय शेताच्या बांधावर सापडणार नाही. उद्योगधंदे वाढले आणि जादा माणसे तिकडे गेली, तर शेतीत बचत होईल, भांडवल येईल आणि धारण आपोआप वाढेल. अविकसित देशांतील शेतीत दडलेल्या बेकारीची चर्चा जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे अनेक वर्षांनी केली. सत्तावीस वर्षांच्या या तरुणाने ती आधीच केली होती.

त्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवून आणि छत्रपती शाहू महाराजांच्या साहाय्याने 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथील एम. एस्सी. आणि डी. एस्सी., रुपयाच्या प्रश्नावरचा 1923 चा ग्रंथ, प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा 1925 चा ग्रंथ, यांची यादी आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. रुपयाविषयीचा त्यांचा आग्रह सुवर्णावर आधारलेल्या चलनाचा होता. ती व्यवस्था पुढे जगानेच सोडून दिली, तेव्हा त्या उपायाचा आज हट्ट धरण्याचे कारण नाही. परंतु रुपयाची किंमत घसरली की भाव आधी चढतात, मजुरी मागाहून रखडत चढते आणि मधल्या काळात मजुराचे पोट कापले जाते, हे त्यांनी दाखविले ते आजही बाजारात जाणाऱ्या कोणाही गृहिणीला पटेल.

1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात तिचे वसतिगृह सुरू झाले. सभेच्या आरंभीच्या कामांत वसतिगृह असावे, यामागेही अभ्यास होता. फी माफ केली, पाटी-पुस्तके दिली तरी खेड्यातला मुलगा तालुक्याच्या शाळेत टिकत नसे, कारण रात्री पाठ टेकण्यास त्याला जागा नसे. तेथे भाड्याने खोली कोणी देत नसे आणि खाणावळीत पंगत मिळत नसे. शाळेचे दार उघडूनही मूल शिकत नाही, कारण खरी अडचण शाळेबाहेर आहे, हे त्यांनी ओळखले होते. निवासी शाळेत वाढलेल्या आपणा सर्वांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

1927 साली ते मुंबई विधिमंडळात आले. शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारचेच अहवाल सरकारपुढे ठेवले. प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात. याच गतीने गेल्यास सर्व मुलगे शाळेत येण्यास 40 वर्षे आणि सर्व मुली येण्यास 300 वर्षे लागतील. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि दारूवरील करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर घाला, एवढीच त्यांची मागणी होती.

1928 साली सायमन कमिशनपुढे सभेच्या वतीने मुंबई इलाख्यातील दलितांच्या शिक्षणाविषयी त्यांनी निवेदन दिले. त्यासाठी त्यांनी कंपनी सरकारच्या काळापासूनची दप्तरे उलगडली. 1856 साली धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला होता. न्याय मुलाच्या बाजूचा आहे हे मान्य करूनही, एकट्यासाठी बाकीच्यांची शाळा ओस पडेल म्हणून सरकारने त्याला बाहेर ठेवले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1881-82 च्या आकडेवारीत, या समाजाच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या रकान्यात शून्य होते. त्या अनाम मुलाचा अर्ज आणि तो शून्य यांचा संबंध बाबासाहेबांनी दप्तरातून जोडून दाखविला.

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 चा. तो सर्वांना ठाऊक आहे, म्हणून येथे एवढेच नोंदवितो की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव विधिमंडळात 1923 सालीच संमत झाला होता. कागदावर मिळालेले पाणी ओंजळीत येते की नाही, हे तळ्याकाठी जाऊनच कळणार होते. त्या दाव्याचा अखेरचा निकाल उच्च न्यायालयात 1937 च्या मार्चमध्ये लागला. दहा वर्षे गेली.

1929 सालचा प्रसंग मात्र अधिक सांगण्याजोगा आहे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. खानदेशात एका गावी बहिष्काराचे प्रकरण घडले होते, त्याच्या तपासासाठी ते गेले. चाळीसगावच्या बांधवांनी मुक्कामाचा आग्रह धरला. स्टेशनावर त्यांना फार वेळ थांबावे लागले. महाराला टांग्यात बसवून नेण्यास एकही टांगेवाला तयार नव्हता. आपल्या पाहुण्याने पायी चालावे हे वस्तीला कमीपणाचे वाटले, म्हणून टांगा भाड्याने घेऊन त्यांच्यापैकीच एक जण हाकावयास बसला. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. नदीवरील मोरीपाशी चाक दगडांत अडकले, घोडा टांग्यासह नदीत गेला आणि बाबासाहेब फरशीवर आदळले. पाय मोडला. चौकशी करावयास गेलेला अधिकारीच चौकशीचा विषय ठरला. बॅरिस्टर असो की विधिमंडळाचा सभासद, टांगेवाल्याच्या लेखी तो कोण होता, याची नोंद आता त्यांच्या हाडांवर झाली. कित्येक दिवस ते अंथरुणास खिळून होते.

1937 साली त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 1938 च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्च्याने आले. रत्नागिरीच्या कुळांचे जिणे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे असल्याचे पुष्कळांना ठाऊक नसते. 1943 साली दामोदर नदीच्या महापुराने बंगालमध्ये हाहाकार झाला. नेहमीचा उपाय काठाला बांध घालण्याचा होता. बाबासाहेबांनी 1945 साली कलकत्त्यात आणि पुढे कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयी वेगळा विचार मांडला. पाणी अति झाले म्हणून ते समुद्रात लोटून देणे हा उपाय नव्हे. तेच पाणी अडविले तर पूर आटोक्यात येतो, शेत भिजते, वीज मिळते आणि जलवाहतूकही होते. नदी प्रांतांच्या सीमा ओळखत नाही, म्हणून तिचे खोरे अखंड मानून योजना करावी. दामोदर खोरे महामंडळ 1948 साली झाले, त्याची पायाभरणी या विचारात आहे. पुढे अशा धरणांखाली आदिवासींची आणि गरिबांची गावे गेली, हेही लपवू नये. ज्याने आयुष्यभर वंचितांचा हिशेब मांडला, त्याच्या नावाने बोलताना हा हिशेब वगळता येणार नाही.

1945 च्या जुलैमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले. पुढचे महाविद्यालय कोठे काढावे, याचे उत्तर त्यांनी मराठवाडा असे दिले. निजामाच्या राजवटीत हा प्रदेश उच्च शिक्षणात फार मागे राहिला होता. पाऊस कमी, जमीन कोरडवाहू, गावोगावी सालगडी. 1950 साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू झाले आणि 1951 च्या सप्टेंबरात इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसविण्यात आली. त्याला पुढे नाव मिळाले मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा. त्याने भिक्खू नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारले, आणि समाधान होईपर्यंत तो थांबला नाही.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि 6 डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या वर्षीही मराठवाड्यातील दुष्काळी खेड्यांतून मुले पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन नागसेनवनाच्या वसतिगृहाचा पत्ता विचारीत येत होती.