वैमानिकांचा कैवारी

१९२१ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात विमानातून विषारी भुकटी उधळून झाडांवरील अळ्यांचा नाश करण्यात आला. पिकांच्या रक्षणाचा नवा मार्ग सापडला. परंतु त्याचे मोल अनेक वैमानिकांना प्राण देऊन चुकवावे लागले. विमान पिकापासून अवघ्या दोन-तीन मीटर उंचीवरून न्यावे लागे. वाटेत आडवी आलेली तार किंवा वळताना मंदावलेला वेगही घात करी. ही हानी थांबावी म्हणून ज्यांनी आपली बुद्धी वेचली, त्यांचे नाव फ्रेड वाइक.

वाइक यांचा जन्म १८९९ साली शिकागोच्या परिसरात झाला. १९२२ साली इलिनॉय विद्यापीठाची पदवी घेतल्यावर काही काळाने ते लँग्ली येथील सरकारी संशोधनसंस्थेत दाखल झाले. इंजिनाभोवती योग्य आकाराचे आवरण घातल्यास हवेचा विरोध पुष्कळ घटतो, हे तेथील प्रयोगांनी सिद्ध झाले. त्या कार्यात वाइक यांचा मोठा वाटा होता. पुढे फावल्या वेळात सहकाऱ्यांसह त्यांनी एक छोटे विमान बांधले. त्यातूनच १९३७ साली गरगरत खाली न कोसळणारे 'एरकूप' विमान साकार झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धातून उरलेली जुनी दुपंखी विमाने फवारणीसाठी वापरली जात. पुढचे इंजिन आणि दुहेरी पंख यांमुळे वैमानिकाला समोरचे नीट दिसत नसे. १९४८ साली वाइक टेक्सासमधील कृषी महाविद्यालयात आले व केवळ शेतीसाठीच विमान आखू लागले. त्यांनी वैमानिकाचे आसन उंचावर ठेवले, म्हणजे त्याला खालचे शेत स्पष्ट दिसे. औषधाची टाकी इंजिन व आसन यांच्यामध्ये बसवली. विमान आदळले, तर पुढचा भाग चेपत जाऊन धक्का सोसून घेई आणि वैमानिकाभोवतीचा मजबूत सांगाडा शाबूत राही. खांद्यांवरून भक्कम पट्टे दिले, तारा कापण्यासाठी धारदार पातीही जोडली. १ डिसेंबर १९५० रोजी हे 'एजी-१' विमान प्रथम आकाशात झेपावले.

याच विचारांवर आधारलेले 'पॉनी' विमान १९५९ पासून पायपर कंपनीत तयार होऊ लागले. अशी पाच हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. भीषण अपघातातूनही वैमानिक जिवंत बाहेर पडल्याची उदाहरणे घडू लागली.

१९९३ साली वाइक यांचे निधन झाले. माणसाच्या हातून चूक होणारच, हे ओळखून त्या चुकीपायी त्याचा प्राण जाऊ नये, यासाठी त्यांनी यंत्र घडविले. त्यांच्या विद्येचे खरे मोल यातच आहे.