केर ओढणाऱ्या यंत्राचा जनक : जेम्स मरे स्पँगलर

इसवी सन १९०७ मधील गोष्ट. अमेरिकेच्या ओहायो संस्थानांत कँटन नांवाचें शहर आहे. तेथील झॉलिंगर यांच्या मोठ्या भांडारांत झाडलोट करण्याच्या कामावर एक वयस्क गृहस्थ होता. साठीला पोंचावयास त्याला दोनतीन वर्षेंच उरलीं होतीं आणि दम्याचा विकार त्याला कायमचा जडला होता. ज्यानें धुळीपासून चार हात दूर राहावें, त्याच्याच नशिबीं रोज धूळ उडविण्याची चाकरी आली होती. त्या भांडारांत जिकडे तिकडे गालिचे अंथरलेले असत. ते साफ करण्यासाठीं ढकलगाडीसारखें एक यंत्र त्याला दिलेलें होतें. परंतु तें धूळ जितकी गोळा करी तितकीच वर उडवी, आणि ती सारी ह्या बिचाऱ्याच्या छातींत जाई. काम सोडावें तर पोट कशानें भरावें, आणि काम करावें तर श्वास कोठून आणावा, अशा पेंचांत तो सांपडला होता. हाच जेम्स मरे स्पँगलर.

स्पँगलरचा जन्म २० नोव्हेंबर १८४८ रोजीं पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत झाला. पुढें त्याचें आयुष्य ओहायोंतच गेलें. १८७४ सालीं त्याचा विवाह झाला, व १८८० च्या सुमारास तें कुटुंब ॲक्रन शहरीं राहावयास गेलें. उपजीविकेसाठीं त्यानें दुकानांत माल विकण्याचें काम पत्करलें खरें, परंतु त्याचें चित्त यंत्रांत गुंतलेलें असे. १८८७ सालीं त्यानें धान्य कापण्याच्या यंत्रांत एक सुधारणा करून तिचें पेटंट मिळविलें. १८९३ सालीं गवत गोळा करण्याच्या व पसरण्याच्या यंत्राचें दुसरें पेटंट त्यानें घेतलें, आणि १८९७ सालीं पायानें चालविण्याच्या एका गाडीचें तिसरें. तीन पेटंटें पदरीं असूनहि साठीच्या उंबरठ्यावर ह्या मनुष्याला झाडलोटीची नोकरी करावी लागली, यावरून तीं त्याला किती फळलीं असतील याचा अंदाज वाचकांनींच करावा.

आपल्या इकडील मुलांना येथें एक प्रश्न पडण्याचा संभव आहे. केर काढण्यासाठीं यंत्र कशाला? आपली जमीन फरशीची असो कीं सारवलेली असो, केरसुणी फिरविली कीं काम झालें; फरशी असली तर वरून ओलें फडकें. परंतु थंड हवेच्या त्या देशांत लोक जमिनीवर जाड लोंकरी गालिचे अंथरीत, आणि पुष्कळ घरांत ते भिंतीपासून भिंतीपर्यंत खिळ्यांनीं ठोकून टाकीत. असा गालिचा रोज उचलतां येत नाहीं आणि धुतांहि येत नाहीं. बुटांबरोबर आलेली माती त्याच्या लवेंत खोल जाऊन बसते. वर्षांतून एकदां वसंत ऋतूंत खिळे काढून तो बाहेर दोरीवर टाकावयाचा आणि वेताच्या छडीनें बडवून काढावयाचा, असा परिपाठ असे. एरवीं केरसुणी किंवा वर सांगितलेली ढकलगाडी. ही ढकलगाडी मेलव्हिल बिसेल यानें १८७६ सालीं पेटंट घेऊन प्रचारांत आणली. तिच्या चाकांबरोबर आंतला ब्रश फिरे व केर पेटींत पडे. पण हवेंत उडालेली धूळ ओढून घेण्याची सोय तिच्यांत नव्हती.

हवेच्या जोरानें धूळ ओढून घेण्याची कल्पना मात्र स्पँगलरच्या आधींची आहे. लंडनमध्यें ह्यूबर्ट सेसिल बूथ नांवाच्या इंजिनिअरानें १९०१ सालीं असें यंत्र केलें. धूळ फुंकून उडविणाऱ्या एका यंत्राचा प्रयोग त्यानें पाहिला, आणि फुंकण्याऐवजीं ओढून कां घेऊं नये असें त्याच्या मनांत आलें. ताबडतोब एका उपाहारगृहांत खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्यानें तोंडानें हवा ओढून पाहिली. रुमालाला धुळीचा डाग पडला व त्याची खात्री पटली. परंतु बूथचें यंत्र इतकें अवजड होतें कीं तें घोड्यांनीं ओढून आणून रस्त्यांत उभें करावें लागे, आणि त्याच्या लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरांत घ्याव्या लागत. १९०२ सालीं सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकाच्या वेळीं वेस्टमिन्स्टर ॲबेंतील गालिचे त्यानेंच साफ केले. राजाचें काम त्यानें झालें. पण एकट्या मनुष्यानें ढकलीत न्यावें असें तें यंत्र नव्हतें.

स्पँगलरला तर एकट्यानेंच काम करावयाचें होतें. त्याच्याजवळ ना भांडवल ना कारखाना. विजेच्या पंख्याची एक जुनी मोटर त्यानें मिळविली. साबणाची एक पेटी घेऊन तिला केरसुणीचा दांडा बसविला, आणि त्या दांड्याला उशीचा एक अभ्रा टांगला. इतक्या सामुग्रीवर जें यंत्र उभें राहिलें तें दिसण्यांत हास्यास्पदच असलें पाहिजे. पण त्यानें धूळ ओढली!

ह्या यंत्राची रचना विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावी, कारण पुढील सर्व फेरफार तिच्यावरच झालेले आहेत. पेटीच्या तोंडाशीं एक लांबट फिरता ब्रश असे व मोटरवरून पट्टा घेऊन तो फिरविलेला असे. हा ब्रश लवेंतली माती सुटी करी. मागें मोटरवर बसविलेला पंखा हवा आंत ओढी, आणि हवेबरोबर माती पंख्याच्या पात्यांमधून जाऊन पिशवींत फेंकली जाई. पिशवी कापडाची असल्यामुळें हवा तिच्यांतून बाहेर निघे व माती आंत राही. बूथनें केवळ ओढण्यावर भर दिला होता. स्पँगलरनें झाडणें व ओढणें हीं दोन्हीं कामें एका मोटरवर लादलीं. मला तर त्याची खरी बुद्धि येथेंच दिसते. रोज हातानें गालिचे झाडणाऱ्यालाच हें सुचावें, हें स्वाभाविकच होतें.

१९०७ सालीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला, व २ जून १९०८ रोजीं त्याला ८,८९,८२३ क्रमांकाचें पेटंट मिळालें. मित्रांकडून थोडें भांडवल घेऊन त्यानें एक कंपनीहि काढली. पण हातानें एकेक यंत्र तयार करून विकण्याचा तो उद्योग कितीसा चालणार? पूर्वींच्या तीन पेटंटांची गत चौथ्यालाहि होते कीं काय, अशी वेळ आली होती.

तारण झालें तें घरोब्यांतून. कँटनजवळच न्यू बर्लिन ह्या लहान गांवीं विल्यम हेन्री हूव्हर नांवाचा चामड्याच्या सामानाचा कारखानदार राहात असे. त्याची पत्नी सुझन हिचा स्पँगलर कुटुंबाशीं परिचय होता. तिनें तें यंत्र आपल्या घरीं वापरून पाहिलें, तिला तें फार पसंत पडलें, आणि तिनें पतीजवळ त्याची गोष्ट काढली. हूव्हर घोड्यांचे साज तयार करी. मोटारगाड्यांचा जमाना येत आहे, घोड्यांबरोबर साजहि जाणार, हें त्या चतुर व्यापाऱ्याच्या लक्षांत येऊं लागलें होतें. फोर्डची सुप्रसिद्ध टी मोटार त्याच सालची. हूव्हरनें १९०८ च्या ऑगस्टमध्यें पेटंट विकत घेतलें आणि आपल्या कारखान्याच्या एका कोपऱ्यांत यंत्रें करण्यास प्रारंभ केला. स्पँगलरला त्यानें देखरेखीच्या कामावर ठेवलें व विकल्या जाणाऱ्या यंत्रांवर हक्काची रक्कम देण्याचें ठरविलें.

पहिला नमुना ‘ओ’ ह्या अक्षरानें ओळखला जातो. त्याचें वजन सुमारें चाळीस पौंड व किंमत साठ डॉलरांच्या आसपास. वीज तरी त्या काळीं किती घरांत होती! जेथें होती तेथेंहि दिव्याच्या खोबणींतूनच ती घ्यावी लागे. अशी महाग वस्तु अनोळखी लोकांच्या गळीं उतरविणें सोपें नव्हतें. डिसेंबर १९०८ मध्यें हूव्हरनें सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट ह्या साप्ताहिकांत जाहिरात दिली कीं, दहा दिवस यंत्र फुकट वापरून पाहावें. शेंकडों पत्रें आलीं. परंतु यंत्र परभारें घरीं न धाडतां त्यानें तें त्या त्या गांवच्या एखाद्या विश्वासू दुकानदाराकडे पाठविलें, आणि विक्री झाल्यास त्याला दलाली देऊं केली. अशा रीतीनें गिऱ्हाइकाबरोबर अडत्याहि मिळाला.

त्यानंतरचीं सहासात वर्षें स्पँगलर सुधारणांच्या मागें होता. जन्मांत प्रथमच त्याच्या कल्पनेला कारखान्याचा आधार लाभला होता. विश्रांति कशी ती त्यानें घेतली नव्हती. अखेर १९१५ च्या जानेवारींत त्यानें आयुष्यांतील पहिल्या सुटीचा बेत केला. सामान बांधून झालें होतें म्हणा ना. दुसऱ्या दिवशीं निघावयाचें, तों आदल्या रात्रींच त्याला मृत्यु आला. करारांतील रक्कम त्याच्या कुटुंबाला पुढें १९२५ पर्यंत, म्हणजे पेटंटाची सतरा वर्षांची मुदत संपेपर्यंत, मिळत राहिली. ह्या बाबतींत हूव्हरला दोष देण्यास जागा नाहीं. यंत्राला नांव मात्र हूव्हरचें पडलें, आणि इंग्लंडांत तर गालिचा साफ करणें ह्या अर्थीं त्या नांवाचें क्रियापदच होऊन बसलें.

पुढील फेरफारांपैकीं तीन विशेष लक्षांत घेण्याजोगे आहेत. १९२६ सालीं ७०० क्रमांकाच्या नमुन्यांत ब्रशाच्या नळकांड्यावर धातूच्या पट्ट्या बसविल्या. ब्रश फिरतांना ह्या पट्ट्या गालिच्यावर टपटप आघात करीत, त्यामुळें खोल बसलेली रेती वर येई. अंगणांतली वेताची छडीच जणुं यंत्राच्या पोटांत शिरली. १९३६ सालीं हेन्री ड्रायफस नांवाच्या कुशल आरेखकानें १५० क्रमांकाच्या नमुन्याला नवें रूप दिलें. तोंवर मोटर एखाद्या बंबासारखी उघडी उभी दिसे. आतां ती बेकेलाइटाच्या गुळगुळीत झांकणाखालीं गेली, आणि हलक्या धातूमुळें वजनहि कमी झालें. झांकण उचलून पाहिलें तर मात्र आंत साबणाच्या पेटींतलीच व्यवस्था : पुढें ब्रश, मागें पंखा, दांड्याला पिशवी.

ह्या व्यवस्थेंत एक उणीव पहिल्यापासून राहिली होती. केरांतले खडे व टांचण्या पंख्याच्या पात्यांवर आदळत; आणि कापडाच्या विणींतून अगदीं बारीक धूळ बाहेर येई, जी दम्याच्या रोग्याला सर्वांत अधिक बाधते. कागदी पिशव्या निघाल्यावर दुसरा त्रास बराच कमी झाला. पुढें १९६३ सालीं हूव्हर कंपनीच्या डायल-ए-मॅटिक ह्या नमुन्यांत पिशवी कठीण कवचाच्या आंत गेली व पंखा तिच्या पलीकडे बसविण्यांत आला. म्हणजे माती पिशवींतच अडून राहावी आणि पंख्याकडे गाळलेली हवा जावी. फिरता ब्रश मात्र तोंडाशींच राहिला, व तो फिरविणारा पट्टाहि.