पडद्यामागचा माणूस : बेयर्ड रस्टिन

आपल्या पांढुर्णा-सौंसरहून सेवाग्राम फार लांब नाही, काही तासांचा प्रवास. त्याच गांधीविचाराच्या ओढीनं १९४८ साली एक अमेरिकन ख्रिस्ती तरुण सातासमुद्रापलीकडून भारतात आला. बेयर्ड रस्टिन त्याचं नाव. प्रवास ठरला होता, पण तो इथं पोचण्याआधीच गांधीजींची हत्या झाली होती. मार्टिन ल्यूथर किंग आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. त्यांच्या पाठीशी उभा असलेला हा माणूस मात्र पुस्तकात सहसा भेटत नाही. त्याचं कारणच इथं सांगायचं आहे.

रस्टिन यांचा जन्म १७ मार्च १९१२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या वेस्ट चेस्टर इथं झाला. आजी-आजोबांनी त्यांना वाढवलं. आजी ज्युलिया क्वेकर संस्कारातल्या. प्रत्येक माणसाच्या आत देवाचा प्रकाश असतो, म्हणून कुणावरही हत्यार उचलायचं नाही, अशी या ख्रिस्ती पंथाची श्रद्धा. रस्टिन यांनी ती आयुष्यभर धरून ठेवली. ते कृष्णवर्णीय होते आणि समलिंगीही. त्या काळी दोन्ही गोष्टींची शिक्षा होती. पहिली लपवता येत नव्हती; दुसरीही त्यांनी फारशी लपवली नाही.

१९४१ मध्ये ते ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ या संघटनेचे कार्यकर्ते झाले. ख्रिस्ती श्रद्धेतून युद्धाला विरोध करणारी ही मंडळी. दुसऱ्या महायुद्धात लष्करात जायला नकार दिला म्हणून रस्टिन दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होते. सुटल्यावर भारतातल्या ब्रिटिश सत्तेविरुद्ध निदर्शनं केली, त्यातही अटक झाली. १९४७ साली काळे-गोरे सोबती मिळून दक्षिणेतल्या बसमध्ये शेजारी शेजारी बसले. त्यापायी पुढे रस्टिन यांनी बेड्या घालून रस्त्यावर काम करायची शिक्षाही भोगली.

मग १९५३ आलं. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहरात समलिंगी संबंधांवरून त्यांना अटक झाली, साठ दिवसांची कैद झाली. संघटनेनं त्यांना कामावरून काढलं. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर गोटमार होते, तेव्हा दगड समोरच्या काठावरून येतो. रस्टिन यांना तो स्वतःच्याच काठावरून लागला. प्रेम आणि समेटाचं काम करणाऱ्यांनीच त्यांना बाहेर ठेवलं.

तरी त्यांनी काम थांबवलं नाही, आणि श्रद्धाही सोडली नाही. १९५६ मध्ये ते मॉन्टगोमेरीला गेले. तिथं बसबहिष्कार चालू होता. तरुण पाद्री किंग यांच्या घरात तेव्हा बंदुका होत्या. अहिंसा म्हणजे नुसती युक्ती नाही, ती जगण्याची रीत आहे, हे रस्टिन यांनी त्यांना समजावलं. पण १९६० मध्ये एका काळ्या पुढाऱ्यानं बदनामीची धमकी दिली, तेव्हा किंग यांनीही अंतर राखलं. रस्टिन मुकाट्यानं बाजूला झाले.

१९६३ साली वॉशिंग्टनचा मोर्चा ठरला. ज्येष्ठ कामगार नेते फिलिप रँडॉल्फ यांनी सगळी व्यवस्था रस्टिन यांच्यावर सोपवली. जेमतेम दोन महिने हाती. गाड्या, पाणी, जेवण, स्वयंसेवक, सगळं त्यांनी बसवलं. मोर्चाआधी एका सिनेटरनं सभागृहात त्यांची जुनी अटक उकरून काढली. या वेळी मात्र रँडॉल्फ ठामपणे पाठीशी राहिले. २८ ऑगस्टला सुमारे अडीच लाख लोक जमले आणि मोर्चा शांततेत पार पडला.

उतारवयात रस्टिन यांनी स्वतःवरच्या अन्यायाचा प्रश्नही जाहीरपणे हाती घेतला. समलिंगी जोडप्याला लग्नाचा हक्क नव्हता, म्हणून १९८२ मध्ये त्यांनी आपल्या जोडीदाराला कायद्यानं दत्तक घेतलं. आजारपणात, वारसाहक्कात त्याला नातं दाखवता यावं म्हणून ही तजवीज. न्यूयॉर्क राज्याच्या समलिंगी हक्क विधेयकासाठी त्यांनी साक्ष दिली. शहराच्या नगर परिषदेपुढेही १९७१ पासून असंच एक विधेयक अडकलं होतं. समलिंगी म्हणून कुणाला नोकरी, घर किंवा सार्वजनिक ठिकाणी प्रवेश नाकारू नये, एवढंच त्यात होतं. कॅथलिक धर्मप्रांतानं कडाडून विरोध केला. रस्टिन त्याच ख्रिस्ताला मानत, पण निष्कर्ष वेगळा काढत. देवाचा प्रकाश प्रत्येकात असेल, तर घरमालकाला दार बंद करायचा हक्क कुठून आला? मार्च १९८६ मध्ये विधेयक मंजूर झालं. २४ ऑगस्ट १९८७ रोजी रस्टिन वारले. २०१३ साली अमेरिकेनं त्यांना मरणोत्तर सर्वोच्च नागरी पदक दिलं. २०२० मध्ये कॅलिफोर्नियानं त्यांची जुनी शिक्षाही माफ केली.

आपल्याकडे सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. २०१९ मध्ये तृतीयपंथीयांसाठी भेदभावबंदीचा कायदा आला. पण समलिंगी मुलाला भाड्याच्या खोलीतून किंवा खासगी नोकरीतून काढलं, तर त्यासाठी खास असा कायदा अजून नाही. तोवर आपल्या गावात, वसतिगृहात, चर्चमध्ये अशा कुणाला राहू द्यायचं की नाही, हे आपल्यासारखी माणसंच ठरवतात. रँडॉल्फ यांच्यापुढेही १९६३ मध्ये हाच प्रश्न होता. त्यांनी आपल्या माणसाचा हात सोडला नाही, म्हणून तो मोर्चा झाला.