धन्यवादित निल्स स्टेन्सेन : दगडी दातांचे कोडे सोडविणारे बिशप

दरवर्षी ५ डिसेंबर रोजी ज्यांचे स्मरण केले जाते, त्या धन्यवादित निल्स स्टेन्सेन ऊर्फ स्टेनो यांचा जन्म १६३८ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे एका लूथरपंथीय सोनाराच्या घरी झाला. वैद्यकाचे अध्ययन करीत असताना १६६० साली त्यांनी गालातील लाळग्रंथीची नलिका शोधून काढली. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१६६६ साली इटलीतील लिव्होर्नोजवळ कोळ्यांना एक प्रचंड शार्क मासा सापडला. फ्लॉरेन्सच्या ग्रँड ड्यूकच्या आज्ञेवरून स्टेन्सेन यांनी त्याच्या मस्तकाचे विच्छेदन केले. त्याचे दात माल्टा बेटावरील प्रसिद्ध ‘जिव्हाशिलां’सारखे दिसत होते. संत पौलाला तेथे सर्पदंश झाल्यावर त्याने सापांना शाप दिला व त्यांच्या जिभांचे दगड झाले, अशी लोककथा होती. विषावर उतारा म्हणून लोक ते दगड हौसेने जमवीत. मात्र ते चिखलात गाडले गेलेले शार्कचेच दात असावेत, असे स्टेन्सेन यांनी १६६७ साली सप्रमाण मांडले. भूमीचे थर एकावर एक साचतात व खालचा थर अधिक जुना असतो, हे तत्त्व त्यांनी १६६९ च्या ग्रंथात सांगितले.

त्यांच्याही हातून चूक झाली. अरेझ्झो परिसरात सापडणारी अवाढव्य हाडे त्यांना सेनापती हॅनिबलच्या हत्तींची वाटली. त्या खोऱ्यात दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी मॅमथ वावरत होते, हे पुढे उमगले, आणि तेही थरांच्या अभ्यासामुळेच!

सत्याचा हाच ध्यास त्यांना श्रद्धेच्या वाटेवरही घेऊन गेला. लिव्होर्नो येथील पवित्र ख्रिस्तशरीराच्या मिरवणुकीने ते अंतर्मुख झाले. दीर्घ चिंतनानंतर १६६७ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. १६७५ साली ते धर्मगुरू व १६७७ साली बिशप झाले. उत्तर जर्मनीतील विखुरलेल्या भाविकांची सेवा करताना त्यांनी संशोधन मागे ठेवले. गोरगरिबांसाठी आपली बिशपपदाची अंगठीही विकली. कठोर उपवासांनी देह झिजला आणि १६८६ साली श्वेरिन येथे, अवघ्या ४८ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्यांचे पार्थिव फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो बॅसिलिकेत विसावले आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २३ ऑक्टोबर १९८८ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले. विज्ञान आणि श्रद्धा यांपैकी एकच निवडावे लागते, असे वाटणाऱ्या आपल्या तरुणांनी हे जीवन अवश्य अभ्यासावे.