पोर्टफोलिओ बघायला दिग्गज तयार होता, पण हिटलर दारातूनच परत फिरला

हिटलरला आर्ट स्कूलने नाकारलं, यावर सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडतो. पण या गोष्टीतला मधला किस्सा फार कमी लोकांना माहिती असतो.

ॲडॉल्फ हिटलरचा जन्म २० एप्रिल १८८९ चा, ऑस्ट्रियातल्या ब्राउनाऊचा. वडील कस्टम्स खात्यात होते. पोराने सरकारी नोकरी धरावी हा त्यांचा हट्ट, तर पोराला व्हायचं होतं चित्रकार. १९०३ मध्ये वडील वारले, १९०५ मध्ये याने शाळा सोडली. पुढची दोन वर्षं लिंझमध्ये चित्रं काढण्यात आणि ऑपेरा बघण्यात गेली. घर आईच्या पेन्शनवर चालायचं.

ऑक्टोबर १९०७ मध्ये त्याने व्हिएन्नाच्या ललित कला अकादमीची प्रवेश परीक्षा दिली. आपण सहज पास होणार याची त्याला खात्री होती. पहिली फेरी निघाली, पुढे मात्र नापास. शेरा होता, माणसांची डोकी कमी. इमारती तो बऱ्या काढायचा, माणसं जमायची नाहीत. परीक्षेआधी एखाद्या जाणकाराने चित्रं चाळली असती, तर हे दोन मिनिटांत कळलं असतं.

त्याच डिसेंबरमध्ये कॅन्सरने आई गेली.

आता खरा किस्सा. लिंझमधल्या त्याच्या घरमालकिणीने व्हिएन्नातल्या एका ओळखीच्या बाईंना पत्र लिहून शब्द टाकला. या बाईंची ओळख होती आल्फ्रेड रोलर यांच्याशी. रोलर म्हणजे व्हिएन्नाच्या कोर्ट ऑपेराचे नेपथ्यकार आणि कलाशाळेत प्राध्यापक. हिटलरने त्यांचं नेपथ्य १९०६ मध्येच पाहिलं होतं, त्यांचा तो चाहताच होता. आणि रोलर यांनी चक्क होकार कळवला. चित्रं घेऊन या, बघतो. फेब्रुवारी १९०८ ची ही गोष्ट. घरमालकिणीने नोंदवलंय की रोलर यांचं पत्र त्याने पाठ करावं तसं सावकाश वाचलं. त्या बाईंना आभाराचं पत्रही पाठवलं.

पण भेट झालीच नाही. पुढे त्याने स्वतः सांगितलेल्या हकिकतीनुसार चित्रांची फाइल घेऊन तो निघाला आणि जवळ पोचून परतला. दुसऱ्यांदा जिन्यापर्यंत गेला. तिसऱ्यांदा कुणीतरी काय काम आहे विचारलं, तर काहीतरी कारण सांगून सटकला.

१९०८ मध्ये त्याने पुन्हा अर्ज केला. यावेळी परीक्षेलाही बसू दिलं नाही. मग पैसे संपले, बेघरांसाठीच्या निवाऱ्यात राहण्याची वेळ आली आणि पोस्टकार्डएवढी इमारतींची चित्रं विकून पोट भरणं सुरू झालं.

प्रवेश मिळाला असता तर महायुद्ध टळलं असतं, हे मीमपुरतं ठीक आहे. जर्मनीत त्याला सत्ता मिळण्यामागे पहिल्या महायुद्धातला पराभव होता, मंदी होती आणि त्याला साथ देणारे लाखो लोक होते.

रोलर आणि हिटलर शेवटी भेटले ते १९३४ मध्ये. तोवर हिटलर जर्मनीचा चान्सलर होता आणि बायरॉइटच्या महोत्सवात पार्सिफाल या ऑपेराचं नेपथ्य रोलर यांनीच करावं, असा त्याचा आग्रह होता. सत्तरीतल्या रोलर यांनी ते काम केलं. पुढच्याच वर्षी ते वारले.